दोनदाच विचारलं

माझ्या थोरल्या बहिणीला, तूबा आबजीला, "आमच्याकडे राहायला ये" असं मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. एवढीच गोष्ट आहे, आणि ती सांगताना आजही माझे कान तापतात.

आमच्या इराणातल्या हमादान गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की पहिल्यांदा कोणी बोलावलं तर नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तर ते बोलावणं खरं. भात वाढायचा तरी तीनदा आग्रह, दारातून आधी कोणी जायचं यावरही तीनदा. याला आम्ही तारोफ म्हणतो. पहिल्या दोन नकारांना कोणी नकार समजत नाही. त्यामुळे दोनदा विचारून जो थांबतो तो काही विसरभोळा नसतो. आपण विचारलं असं म्हणायला मिळावं म्हणून तो विचारतो, आणि कोणी येऊ नये म्हणून थांबतो.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि आबजी अठराची. वडील ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. माझी शाळा संपेपर्यंत तिने स्वतःच्या लग्नाचा विषय कोणाला काढू दिला नाही. तोवर चांगली स्थळं निघून गेली होती. मग एका बिजवर शिंप्याशी तिचं लग्न झालं. माणूस भला होता. मूलबाळ झालं नाही. गेल्या शरदात तो गेला, आणि घरमालकाने सांगितलं की नवरोजचे, म्हणजे वसंतातल्या आमच्या नववर्षाचे, तेरा दिवस संपायच्या आत दोन्ही खोल्या रिकाम्या करा, आमच्या मुलाचं लग्न आहे. राहिली कोण, तर मलायर गावची नणंद, अशरफ. तिने चाळीस वर्षांत आबजीला एकदा धड नावाने हाक मारली नव्हती. ती म्हणाली, या, स्वयंपाकघरामागे जागा आहे. नवरोजच्या सहाव्या दिवशी सकाळी नऊची बस ठरली.

पाचव्या दिवशी आबजी आमच्याकडे आली. पहिल्या दिवशी आम्ही तिच्या पाया पडून आलो होतो, त्याची ही परतभेट. चहा झाला, पिस्त्याची मिठाई झाली. मी म्हणालो, "आबजी, मलायरला कशाला जातेस? आमच्याकडे ये राहायला."

"नको रे बाबा. तुमच्यात माझी अडगळ कशाला?"

"अडगळ कसली? घर तुझंच आहे."

"तुझ्या जिवाची शपथ, नको. मी मजेत आहे."

आता पाळी माझी होती. मेहलगा, माझी बायको, किटली हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझी नजर बोळातून पलीकडे गेली. माझ्या खोलीचं दार उघडं होतं आणि गालिच्यावर ऊन पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी पोस्टातून निवृत्त झाल्यावर ती खोली मला मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा एक दार माझं स्वतःचं झालं. तिथं मी जुने रेडिओ उघडून बसतो. कोणी सांगितलेलं नाही, कोणाला हवंही नाही. अकरा रेडिओ आहेत, त्यातले चार बोलतात.

"यंदा बदाम लवकर फुलला, नाही?" मी म्हणालो.

"हो ना," आबजी म्हणाली. "घाईच झाली त्याला."

थोडा वेळ बसून ती उठली. मी तिला आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेलो आणि रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोललो.

सकाळी सहाला उठलो तर बाहेर वीतभर बर्फ. झाडं फुललेली आणि वर बर्फ. मेहलगा खिडकीपाशी उभी होती. रात्रभर ती माझ्याशी बोलली नव्हती.

"तू का नाही विचारलंस मग?" मीच भांडण काढलं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"बहीण तुमची. तुम्ही गप्प असताना मी बोलले असते, तर तुमच्या थोबाडीत मारल्यासारखं झालं असतं, तेही तिच्यासमोर. आता वाटतं, मारायला हवी होती."

"नऊची बस आहे."

"मला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक आहे का, एवढंच बघत होते."

मी बूट घातले आणि निघालो. छत्री घ्यावी हे सुचलं नाही, आणि तिने सुचवलंही नाही.

आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बदाम आणि आलुबुखारची झाडं आहेत. एरवी अशा सकाळी मी दर झाडापाशी थांबलो असतो. फांद्या जमिनीपर्यंत वाकल्या होत्या. फूल कुठलं आणि बर्फ कुठला ते जवळ जाऊन बघावं लागत होतं. कडेच्या पाटातून वितळलेलं पाणी खळखळत होतं आणि त्यावरून पाकळ्या वाहत चालल्या होत्या. नगरपालिकेचा एक माणूस लांब काठीने फांद्यांवरचा बर्फ झाडत होता, आणि बर्फाबरोबर फुलंही झडून खाली येत होती.

"फुलं जातायत की हो!" मी म्हणालो.

"बर्फ ठेवला तर फांदी मोडते, आगा. झाडला तर फूल जातं. तुम्ही सांगा, काय करू?"

मला काय कळतंय, मी कोणाला सांगणार! तोंडावर गारठा घेत पुढे निघालो. मला लोकांनी बघू नये असं वाटत होतं, आणि सणाच्या दिवसांत आमच्या गावात ते शक्य नसतं. चौकाच्या अलीकडे कोणीतरी बर्फ सारून एका माणसापुरती पायवाट केली होती. मी या टोकाला, आणि त्या टोकाला आमच्या पोस्टातले जुने हेडक्लार्क फोतूहत.

"आधी तुम्ही, इरज आगा."

"छे छे, तुम्ही वडील माणूस."

"माझ्या डोक्यावर पाय देऊन जा, पण आधी तुम्ही."

"अहो, देव माफ करेल का मला? तुम्ही या."

पायाखाली चिखल, बोटं बधिर, आणि आम्ही दोघं छातीवर हात ठेवून एकमेकांना वाकतोय. तीनदा नाही, चांगलं पाचदा झालं. शेवटी दोघंही एकदमच पायवाट सोडून कडेला सारलेल्या गुडघाभर बर्फात उतरलो आणि एकमेकांना ओलांडून गेलो. पायवाट रिकामीच राहिली. फोतूहतांना मी धड ओळखतही नाही. त्यांना हातभर फरशीसाठी पाचदा विनवलं, आणि जिने माझं नाक पुसलं तिच्यासाठी तिसरा शब्द माझ्या तोंडातून निघाला नव्हता. बर्फात उभ्या उभ्या मला घाम फुटला.

आबजीच्या गल्लीच्या तोंडाशी ओस्ता यदुल्लाची भट्टी आहे. तापल्या खड्यांवर भाजलेली हातभर लांब संगक रोटी तो देतो, आणि सकाळी तिथं दोन रांगा असतात. घरभर माणसं असणाऱ्यांची एक, आणि एकच रोटी हवी असणाऱ्यांची दुसरी, ती लवकर सरकते. गेल्या शरदापासून आबजी त्या दुसऱ्या रांगेत उभी राहते. मी मान खाली घालून सटकणार, तेवढ्यात ओस्ताने खिडकीतून हाक मारली.

"इरज आगा! अहो, बहिणीला एवढं छळायचं असतं का?"

"मी काय केलं?"

"काय केलं विचारतात! काल संध्याकाळी आबजी इथं सगळ्यांना सांगत होत्या. म्हणे, इरजने माझी अंगावरची चादोर धरून ठेवली, पोरांची शपथ घातली, दहा वेळा म्हणाला राहा म्हणून. डोळ्यांत पाणी आणलं त्याने. पण माझंच मन होईना, म्हणे."

मी खिडकीजवळ सरकलो.

"खरं सांगू का," ओस्ता पीठ थापता थापता म्हणाला, "मला वाटलं होतं त्या राहणारच. दुपारी तुमच्याकडे जाताना बोचकं माझ्याकडे ठेवून गेल्या. म्हणाल्या, भावाच्या दारात सामान घेऊन जाणं बरं दिसत नाही, मागाहून इरजला पाठवते न्यायला. आणि संध्याकाळी स्वतःच आल्या घ्यायला. हट्टी बाई हो!"

ओस्ताला यात काही खटकलं नव्हतं, की सगळं कळून तो पीठ थापत होता, ते मला आजही सांगता येणार नाही. मला मात्र कळलं. ती राहायला आली होती. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा हो म्हणायचं, आणि मला बोचकं आणायला पाठवायचं, असं ठरवून ती आली होती. ते झालं नाही, तर परत जाताना या भट्टीवर उभी राहून तिने माझी अब्रू शिवून ठेवली.

"असा भाऊ मिळायला नशीब लागतं," रांगेतली एक हाजी खानम म्हणाली. कपाळावर ठसठशीत तीळ असलेली ही बाई, तोंडाची फटकळ म्हणून सगळ्या पेठेला माहीत. "माझे दोन आहेत. ईदचा फोनसुद्धा मीच करते, तेव्हा म्हणतात, अगं आम्ही आत्ता करणारच होतो."

लोक हसले. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. आणि मी काय केलं? छातीवर हात ठेवला, किंचित वाकलो आणि म्हणालो, "कर्तव्यच आहे माझं."

म्हणालो मी असं. जनाची नाही तर मनाची तरी लाज ठेवावी माणसाने. माझ्याकडे त्या क्षणी दोन्ही नव्हती.

आबजीचं दार उघडंच होतं. गालिचा गुंडाळलेला, पडदे काढलेले, भिंतीशी ते बोचकं. ती कोट घालून तयार बसली होती.

"एवढ्या बर्फात कशाला आलास? बघ, बूट बघ तुझे!" तिने मला खाली बसवलं, माझे बूट ओढून काढले आणि आतल्या पाण्यावर वर्तमानपत्राचे बोळे कोंबायला लागली. मी एकसष्ट वर्षांचा आहे.

"आबजी, आमच्याकडे ये राहायला."

तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. "कालचं काल संपलं, इरज."

"माझी चूक झाली."

"चूक कसली? तुला नको होतं, तू गप्प बसलास. आपल्यात एवढं सरळ कोण वागतं?"

टोमणा होता की नाही, कळेना. ती हसतही नव्हती.

"भट्टीवर ऐकलं मी सगळं. तू काय सांगितलंस ते."

"मग? लोकांनी विचारलं, मी सांगितलं. तुला या गावात राहायचंय. मी काय, मलायरला जाणार."

"नाही जायचं. तुझ्या पाया पडतो."

तिने बूट खाली ठेवला. "हे बघ. काल मी चारचौघांत सांगितलं की भावाने जीव टाकला आणि मीच नको म्हणाले. आज सकाळी बोचकं घेऊन तुझ्यामागून निघाले तर लोक काय म्हणतील? म्हातारीने केवढा तोरा दाखवला, रात्रीत उतरला. आणि मग कोणी ना कोणी हिशेब लावेलच, की दहा वेळा विचारलं तेव्हा आली नाही, ती आज कशी आली? तुझ्यावरच येईल ते. नको. माझा नकार आता खरा झाला. चल, ऊठ, बस चुकेल."

मी बूट चढवले. ते आणखीच ओले लागले. दार ओढून घेताना तिने एकदा रिकाम्या खोलीकडे पाहिलं आणि कडी लावली. बोचकं मी उचललं. त्याला काही वजन नव्हतं. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईचं बोचकं एवढं हलकं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

टॅक्सी भट्टीसमोर मिळतात. ऊन वर आलं होतं आणि झाडांवरून बर्फाचे गठ्ठे धपाधप पडत होते. आबजी म्हणाली, "वाटेत खायला एक संगक घेते," आणि एकट्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. फोतूहतही फिरून येऊन घरभर माणसं असणाऱ्यांच्या रांगेत लागले होते. हाजी खानम अजून तिथंच होती, कोणाशी तरी बोलत. ती मला बघून पुन्हा कौतुकाने हसली. ते हसू मला सोसेना.

"ओस्ता, जरा ऐका," मी म्हणालो. आवाज चिरकला. "सगळेच ऐका. आबजी काल इथं जे बोलली ते खोटं आहे. मी तिची चादोर धरली नाही. शपथ घातली नाही. दोनदा विचारलं आणि गप्प बसलो."

"इरज!" आबजी ओरडली. लहानपणी मी गच्चीच्या कठड्यावरून वाकायचो तेव्हा ती असं ओरडायची.

ओस्ताने रोटी झटकली आणि तिला चिकटलेले खडे ताटात पडले, तेवढाच आवाज. फोतूहत समोरच्या बर्फात काहीतरी शोधू लागले.

"दोनदाच?" हाजी खानमने विचारलं.

"दोनदाच."

"आणि मघाशी छातीवर हात ठेवून 'कर्तव्य' म्हणालात ते?"

"तेही खोटं."

"लाज नाही वाटली?"

"वाटतेय."

"मग आमचं तोंड काय बघताय? ती तिकडे उभी आहे!"

मी वळलो. आबजीचं तोंड लालबुंद झालं होतं. ती रागावली होती, आणि ते माझ्यासाठी होतं, स्वतःसाठी नाही.

"काय केलंस हे? एवढं रचून सांगितलं होतं मी. एवढ्या लोकांत स्वतःची शोभा केलीस."

"राहायला ये, आबजी."

"का गप्प बसलास काल? तेवढं सांग."

रांगेतल्या सगळ्यांचे कान माझ्याकडे. "खोलीसाठी," मी म्हणालो. "माझी उन्हाची खोली आहे ना, ती तुला द्यावी लागली असती."

कोणीतरी खाकरलं. आबजी खाली बघत राहिली. मग हळूच, फक्त मला ऐकू यावं अशा बेताने म्हणाली, "काल चहा संपला तरी मी पेला खाली ठेवला नव्हता. पेला ठेवला की उठावं लागतं ना. रिकामा पेला धरून बसले होते, कितीतरी वेळ. तुझं लक्ष नसेल."

ती मला वाट काढून देत होती. तेवढं उघडं पाडूनही पुन्हा देत होती. हो आबजी, लक्ष नव्हतं, असं म्हणालो असतो तर तिने मान डोलावली असती आणि आमचं दोघांचंही तेवढ्यावर भागलं असतं.

"लक्ष होतं," मी म्हणालो. "रिकामा होता तेही दिसत होतं."

तिने वर पाहिलं. इतका वेळ माझ्याकडे तिने कधी पाहिलं नसेल. ओस्ताने तिची रोटी खिडकीत ठेवली, ती तिने घेतली, चादोरीत गुंडाळली. टॅक्सीवाल्याने "मलायर बस का, खानम?" म्हणून दार उघडून धरलं होतं. त्याच्यासमोरून ती गेली, रस्ता ओलांडला आणि मागे न बघता आमच्या घराच्या दिशेने, फुललेल्या झाडांखालून चालायला लागली. मी बोचकं घेऊन दहा पावलं मागे राहिलो. तिच्या बरोबरीने चालायची माझी हिंमत झाली नाही.